तांदळाचा डबा आणि कॅमेऱ्याचं भोक

दिवाळी जवळ आली, किंवा मे महिन्याची सुट्टी लागायला आली, की माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. या खेपेला तो भाचीनं आणला. “मामा, मिररलेस घेऊ की तो खिशातला छोटा? एका वाक्यात सांग.” एका वाक्यात सांगण्याइतकी अक्कल मला वेळेवर आली असती तर माझ्या कपाटात दोन लेन्स वर्षानुवर्षं पडून राहिल्या नसत्या. म्हणून मी तिला वाक्य दिलं नाही, कृती लिहून दिली. ती करताना तिच्याकडे काय काय घडलं तेही सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर वळायचा आणि डोळ्याला दिसायचा. बटण दाबलं की आरसा फटकन बाजूला व्हायचा. तो आरसा काढून टाकलेल्या, पण लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची आजची पिढी २००८ साली पॅनासॉनिकच्या जी१पासून सुरू झाली. त्यांना मिररलेस म्हणतात. पण खिशातल्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात तरी आरसा कुठे होता? म्हणजे या दोघांतला फरक आरशाचा नाहीच. एकाची लेन्स काढता येते, दुसऱ्याची अंगालाच जडलेली असते. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी निवड शेवटी इथेच येऊन थांबते.

साहित्य: मागच्या वर्षभरात फोननं काढलेले फोटो, एक वही, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सव्वा किलो तांदूळ, घट्ट झाकणाचा एक मोठा डबा, एक छोटी चौकोनी डबी, मोजपट्टी, स्वतःचं एक एसडी कार्ड. वेळ: तीन आठवडे. त्यातली खरी मेहनत चार-पाच तासांची, बाकी नुसतं डबा वागवणं.

१. फसलेले फोटो गोळा करा

सगळे चांगले फोटो बाजूला ठेवा. तुमचा फोन काय काय करू शकतो, एवढंच ते सांगतात. तुम्हाला हवेत ते फसलेले. इथे एक अडचण येते. फसलेला फोटो माणूस तिथल्या तिथे पुसून टाकतो. त्यामुळे फोनमधली कचरापेटी आधी उघडा, आणि पुढचे पंधरा दिवस काहीही पुसू नका.

मग प्रत्येक फसलेल्या फोटोसमोर वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे होतो, समोरचं माणूस किंवा वस्तू किती लांब होती, आणि नेमकं काय बिघडलं. हललेला, दाणेदार, की समोरचं इवलंसं दिसतंय? फोटो उघडून बोटानं वर सरकवलात की बहुतेक फोनवर खालची माहिती दिसते. शटरचा वेग, आयएसओ आणि मिलिमीटरमध्ये एक आकडा. तो मिलिमीटरचा आकडाही टिपून ठेवा, तिसऱ्या पायरीत लागेल.

भाचीकडे वर्षाचे ४१२ फोटो निघाले, त्यातले ७१ फसलेले. ४६ घरातले किंवा शाळेच्या हॉलमधले, बहुतेक सगळे तिच्या लेकीचे आणि बहुतेक सगळे हललेले. १४ लांबचे: भिगवणला उजनीच्या पाण्यावर पाहिलेले रोहित पक्षी, जे फोटोत गुलाबी तिळासारखे दिसत होते. उरलेल्या ११ फोटोंत लेन्सवर बोट आलं होतं किंवा समोरच्यानं डोळे मिटले होते. त्यावर कुठल्याही कंपनीकडे इलाज नाही. ते सरळ काटून टाका.

ट्रेकचे, गडावरचे, काससारख्या पठारावरच्या फुलांचे तिचे फोटो मात्र चांगले होते. “मला कॅमेरा ट्रेकसाठीच हवाय” असं म्हणत ती आली होती. वही काही वेगळंच बोलत होती.

२. तांदूळ वागवा

लोक कॅमेऱ्याचं वजन वेबसाइटवर वाचतात आणि मान डोलावतात. वजन वाचून कळत नाही, वागवून कळतं.

उदाहरणाला दोन कॅमेरे घेऊ, एकाच घरातले. कॅननचा पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३: बॅटरी-कार्डसह ३०४ ग्रॅम, जाडी ४१ मिमी. आणि कॅननचाच आर५० हा मिररलेस: बॅटरी-कार्डसह ३७५ ग्रॅम. ३०४ आणि ३७५, म्हणजे फरक काहीच नाही असं वाटतं ना? पण ३७५ ग्रॅम नुसत्या धडाचे झाले. त्यावर बरोबर येणारी किट लेन्स १३० ग्रॅम, दुसरी ५० मिमीची लेन्स १६० ग्रॅम, वर जादा बॅटरी, चार्जर, आणि या सगळ्याला बरी बॅग. काटा ९०० ग्रॅमच्या पुढे जातो. शिवाय लेन्स पुढे आलेली असते, त्यामुळे तो कुठल्याच खिशात जात नाही.

तेव्हा मोठ्या डब्यात तांदूळ भरून तो डब्यासकट ९०० ग्रॅमचा करा. छोटी डबी ३०० ग्रॅमची. दोन्ही पंधरा दिवस बरोबर घेऊन हिंडा: ऑफिसला, भाजीला, लग्नाला, गडावर. झाकणावर सेलोटेप लावा. फोटो काढावासा वाटला की वहीत लिहा, आणि त्या क्षणी डबा जवळ होता का, डबी होती का, तेही लिहा. जवळ म्हणजे हाताशी. स्कूटरच्या डिकीत असलेला डबा जवळ धरायचा नाही.

भाचीनं सातव्या दिवशी डबा डिकीत टाकला. दुसऱ्या दिवशी तो घरीच राहिला आणि सासूबाईंनी त्या तांदळाची खिचडी टाकली. हिशेब असा निघाला की १४ दिवसांत डबा ६ दिवस जवळ होता, डबी १३ दिवस. “म्हणजे छोटाच घ्यायचा ना?” तिनं विचारलं. मी म्हटलं, थांब, अजून भागाकार व्हायचाय.

(लहान कॅमेऱ्याची ही ओढ शंभर वर्षं जुनी आहे. जर्मनीतल्या वेट्झलर गावी लाइट्झच्या कारखान्यात ऑस्कर बारनाक नावाचा कारागीर होता. त्याला दमा होता आणि काचेच्या प्लेटींचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणं त्याला झेपत नव्हतं. त्यानं सिनेमाची फिल्म वापरून मुठीत मावणारा कॅमेरा बनवला. तोच १९२५ साली लायका म्हणून बाजारात आला.)

३. भोक मोजा

ही पायरी चुकवू नका. दुकानदार ती सांगत नाहीत, कारण ती समजली की निम्मा माल विकला जात नाही.

अंधुक उजेडात फोटो चांगला येतो तो मेगापिक्सेलमुळे नाही, तर लेन्समधून आत येणाऱ्या उजेडामुळे. आणि उजेड येतो भोकातून. लेन्सवर दोन आकडे लिहिलेले असतात, फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये आणि एफ आकडा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर जे भोक दिसतं, त्याचा व्यास मिळाला. फोटोची चौकट सारखी आणि शटरचा वेगही सारखा असेल, तर कोण जास्त उजेड गोळा करतो हे हा व्यास सांगतो. व्यास दुप्पट म्हणजे उजेड चौपट. शाळेतलं वर्तुळाचं क्षेत्रफळ, बाकी काही नाही.

आता वहीतला फोनचा आकडा घ्या, पण तो खरी फोकल लेंग्थ असेल तरच; काही फोन फिल्म कॅमेऱ्याच्या मापातला मोठा आकडा दाखवतात. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ साधारण ७ मिमी आणि एफ १.८ असते. भागाकार ३.९ मिमी.

जी७ एक्स मार्क ३ या पॉकेट कॅमेऱ्याची रुंद बाजू ८.८ मिमी, एफ १.८. भागाकार ४.९.

आर५०बरोबर येणारी किट लेन्स १८ ते ४५ मिमीची, रुंद बाजूला एफ ४.५. भागाकार ४.

पुन्हा वाचा. एवढा मोठा मिररलेस, एवढं मोठं सेन्सर, आणि किट लेन्स लावून घरातल्या ट्यूबलाइटखाली त्याचं भोक फोनएवढंच, खिशातल्या कॅमेऱ्यापेक्षा लहान! त्यात फोन एका बटणात आठ-दहा फोटो काढून ते एकत्र करतो, म्हणजे स्थिर वस्तूंच्या बाबतीत तो वरच राहायचा. मिररलेस घेतला, घरी आणला, पहिल्याच संध्याकाळी “फोनचाच बरा येतोय की” म्हणून तो कपाटात गेला, अशी घरं मी बरीच पाहिली आहेत. त्यात कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता.

झूम केल्यावर काय होतं? किट लेन्सचं टोक ४५ मिमी, एफ ६.३: भोक ७.१ मिमी. तेवढीच चौकट पॉकेट कॅमेऱ्यात साधायला त्याची लेन्स २६.५ मिमीवर न्यावी लागते आणि तिथे तो एफ २.८ देतो: ९.५ मिमी. इथेही पॉकेट पुढे. फोनच्या झूमच्या छोट्या कॅमेऱ्याचं भोक सहसा ३ मिमीच्या आसपास असतं, म्हणजे इथे पॉकेट फोनला नऊ-दहा पटीनं मागे टाकतो. रुंद फोटोत फोन आणि पॉकेट यांत डावं-उजवं फारसं नाही. पॉकेट कॅमेऱ्याचे पैसे वसूल होतात ते झूम अर्ध्यावर नेल्यावर, कमरेपासून वरच्या माणसांच्या फोटोंत.

आणि आता त्याच आर५०वर ५० मिमी, एफ १.८ची ती १६० ग्रॅमची साधी प्लास्टिकची लेन्स लावा. भागाकार २७.८ मिमी. पॉकेट कॅमेरा त्याच चौकटीला साडेदहावर असतो. उजेड सातपट. पॉकेटला ज्या खोलीत सेकंदाचा ३०वा भाग लागतो तिथे ही लेन्स २००व्या भागात काम उरकते. ३०व्या भागात धावतं पोर पुसट होतं, २००व्यात त्याच्या केसांच्या बटा दिसतात.

सेन्सरच्या मापालाही अर्थ आहे, पण तो दिवसा. आर५०च्या सेन्सरचं क्षेत्रफळ पॉकेटच्या जवळपास तिप्पट. भर उन्हात मोठं सेन्सर जास्त उजेड साठवू शकतं, त्यामुळे पांढरं आभाळ आणि झाडाखालची सावली दोन्ही शाबूत राहतात. शिवाय मिररलेसला बहुधा डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असतो, हातात धरायला जागा असते, फोकस चपळ असतो. हे सगळं खरंच आहे. पण तुमच्या वहीत फसलेले फोटो संध्याकाळचे असतील तर दुपारची कौतुकं काय कामाची?

जाताजाता: पॉकेट कॅमेऱ्यावर “१ इंच सेन्सर” लिहिलेलं असतं. ते मोजायला जाऊ नका. ते १३.२ बाय ८.८ मिमी असतं, कर्णही १६ मिमीच्या आत. टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असायच्या, त्यांच्या बाहेरच्या मापावरून हे नाव चिकटलंय. आणि त्याहून लहान, १/२.३ इंचाचं सेन्सर असलेले स्वस्त पॉकेट कॅमेरे यादीतून आताच काढा. त्यांचं भोक फोनपेक्षा लहान भरतं. अपवाद दोनच: फार लांबचा झूम हवा असेल तर, किंवा कॅमेरा पाण्यात न्यायचा असेल तर. ओएम सिस्टीमचा टफ टीजी-७ पंधरा मीटर खोल पाण्यात चालतो. मालवणला डुबकी मारणाऱ्याला त्याचं महत्त्व सांगायला नको.

४. दोन्ही याद्या शेजारी ठेवा

आता पहिल्या पायरीतली प्रत्येक फसलेली जागा घ्या आणि विचारा, डबा तिथे असता का?

भाचीची चूक इथे सापडली. डबा फक्त ६ दिवस जवळ होता हे खरं, पण तिचे ४६ फसलेले फोटो घरात आणि शाळेच्या हॉलमध्ये काढलेले. घरात डबा असतोच, फडताळावर. स्नेहसंमेलनाला माणूस ठरवून जातो, त्यामुळे बॅग उचलून नेतो. ट्रेकला डबा नकोसा होता, आणि ट्रेकचे फोटो फोननं चांगलेच येत होते. म्हणजे सोबत नेण्याचा त्रास जिथे होता, तिथे तिला कॅमेरा लागतच नव्हता.

तुमचं उलट निघू शकतं. वारीत चालणारे माझे एक मित्र आहेत. त्यांचे फसलेले फोटो सगळे चार-पाच मीटरवरच्या चेहऱ्यांचे होते, चालता चालता काढलेले, आणि खांद्यावर आधीच पडशी. त्यांनी १ इंचवाला पॉकेट घेतला आणि सुखी आहेत. रस्त्यावरचे, माणसांच्या जवळ जाऊन काढायचे फोटो ज्यांचे जास्त, त्यांनी रिकोचा जीआर हाताळून बघावा. मोठं सेन्सर, झूम नाही, फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २८ मिमीची एकच नजर आणि २५७ ग्रॅम वजन (जीआर ३चं). जपानचे छायाचित्रकार दायदो मोरियामा याच जातीच्या कॅमेऱ्यांसाठी ओळखले जातात. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय त्याच वळणाचा, त्याच मापात ३५ मिमीच्या नजरेचा. भोक साडेअकरा मिमी, पण वजन ५२१ ग्रॅम, तेव्हा खिसा कोटाचा हवा. आपल्याकडे कोट लग्नातच घालतात.

पक्ष्यांची यादी मोठी असेल तर १ इंचवाल्या पॉकेटचा विषय संपला. रोहित पक्षी पाण्यात आत उभे असतात. तिथे ४०० मिमीच्या घरातली लेन्स लागते आणि ती मिररलेसवरच चढते.

आणि हा प्रश्न स्वतःला मोठ्यानं विचारा: मी दुसरी लेन्स घेणार आहे का? या दिवाळीला, याच पैशांत. “पुढे बघू” हे उत्तर ‘नाही’ असंच धरायचं. उत्तर नाही असेल आणि किट लेन्सवरच थांबायचं असेल, तर मिररलेस घेऊ नका. पॉकेट घ्या, किंवा काहीच घेऊ नका.

५. भिंतीपर्यंत मागे सरका

दुसरी लेन्स घ्यायची ठरली की मोजपट्टी काढा. घरातल्या ज्या खोलीत सगळ्यात जास्त फोटो काढता तिथे भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि मूल खेळतं त्या जागेपर्यंत मोजा. दहा बाय बाराच्या खोलीत सोफा-कपाट वजा जाता अडीच मीटर मिळतात. अडीच मीटरवरून ५० मिमीची लेन्स आर५०सारख्या कॅमेऱ्यावर उभ्या चौकटीत १.१ मीटर उंची पकडते, ३५ मिमीची १.६ मीटर. भाचीची लेक सव्वा मीटरची, आणि वाढतेय. ५० मिमी स्वस्त, हलकी आणि सगळे तीच सुचवतात, पण या घरात लेकीचे पाय कापले गेले असते. तिनं ३५ निवडली. एफ १.८ला तिचंही भोक १९ मिमीच्या वर आहे.

६. दुकानात

मुंबईत असाल तर फोर्टमधला बोराबाजार, नाहीतर तुमच्या गावातलं जिथे कॅमेरा हातात देतात असं कुठलंही दुकान. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. मंगळवारी अकराला जा, दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो.

स्वतःचं कार्ड घालायला परवानगी मागा. पॉकेट कॅमेरा खिशात ठेवा, काढा, चालू करा, फोटो काढा. मनात आकडे मोजा. लेन्स बाहेर यायला लागणारा वेळ तुम्हाला चालतो का? एका हातानं काढून बघा. चष्मा असेल तर मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरशेजारची लहानशी चकती फिरवून आपल्या नंबराला जुळवून घ्या. पुष्कळांना ती चकती असते हेच माहीत नसतं आणि ते “अंधुक दिसतंय” म्हणून कॅमेरा परत ठेवतात. जी७ एक्ससारख्या पॉकेटला व्ह्यूफाइंडरच नाही, तेव्हा तो घेऊन दाराबाहेर उन्हात या आणि पडद्यावर काही दिसतं का ते बघा.

नंतर दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात जा. बरोबर आलेल्या माणसाला तिथे उभं करून मान हलवायला सांगा, शटर २५०वर ठेवा आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडा. दोन्ही कॅमेऱ्यांनी पाच-पाच फोटो. मग आजचं वर्तमानपत्र भिंतीला सपाट धरून एक फोटो, म्हणजे कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचता येतात का ते घरी बघता येईल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात. खरं काय ते संगणकावर कळतं. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात. दुकानदार रागावत नाही, फक्त चहा सांगत नाही.

आणि त्याच दिवशी विकत घेऊ नका. मन वळत असेल तर तोच कॅमेरा आणि तीच लेन्स दोन दिवस भाड्यानं आणा. पुण्या-मुंबईत अनामत आणि ओळखपत्र घेऊन सहज देतात. भाड्याची रक्कम वाया गेली असं वाटलं तर माझ्या कपाटातल्या लेन्स आठवा.

७. हिशेब

किमती महिन्या-महिन्याला हलतात, म्हणून आकडे देत नाही, रकाने देतो. पॉकेटसाठी: कॅमेरा, एक जादा बॅटरी, कार्ड, मनगटाची दोरी. बॅटरी नक्की लिहा. जी७ एक्स मार्क ३ ठरीव चाचणीनुसार एका चार्जवर २३५ फोटो काढतो, जीआर ३ जेमतेम २००. मिररलेससाठी: बॉडी, तुम्हाला लागणारी लेन्स, जादा बॅटरी, कार्ड, बॅग, धूळ उडवायचा रबरी फुगा. किट लेन्स बॉडीबरोबर थोड्याच फरकानं येते, ती घ्यायला हरकत नाही, पण तिच्यामुळे प्राइम (झूम नसलेली) लेन्स पुढच्या वर्षावर ढकलली जात असेल तर बॉडी एक पायरी खालची घ्या. दोन-तीन पिढ्या जुनी बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नव्या बॉडीला आणि किट लेन्सला घरातल्या उजेडात सहज हरवते.

दोन लेन्सचा “बंपर” संच समोर येईल. दुसरी लेन्स लांबच्या झूमची असते आणि संचात जवळपास फुकट वाटते. मीही भुललो होतो. ती मी आठ वेळा वापरली. नवव्या वेळी काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

८. बिल

जीएसटीचं पक्कं बिल. बॉडीवरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा अनुक्रमांक एकच हवा. “बिलाशिवाय अमुक हजार कमी” असं कानात सांगितलं जातं, तेव्हा तो माल बहुधा बाहेरून आलेला असतो आणि इथलं सर्व्हिस सेंटर त्याची वॉरंटी मानत नाही. माझ्या ओळखीच्या एकानं असे पैसे वाचवले आणि शटर गेल्यावर वाचलेल्यापेक्षा जास्त दिले.

जुना घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचा फोटो भोक लहान करून काढा, एफ ११ किंवा कॅमेऱ्यात जो सर्वांत मोठा आकडा असेल तो. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. मिररलेसची ती साफ होते. पॉकेटची लेन्स आत-बाहेर करताना धूळ आत ओढते आणि ती काढायला अख्खा कॅमेरा खोलावा लागतो, तेव्हा ठिपकेवाला पॉकेट परत द्या. लेन्समधून फोनच्या टॉर्चचा उजेड पाडून बुरशीही बघा.

९. घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी तारीख-वेळ लावा. नाहीतर वाढदिवसाचे फोटो कुठल्यातरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसतात. एकच लेन्स लावून ठेवा, कॅमेरा हात पोचेल अशा फडताळावर. कपाटात, बॅगेत, बॅगेच्या खोक्यात असा तीन थरांत ठेवलेला कॅमेरा निघेपर्यंत पोर झोपतं.

मृग लागला की मात्र त्याला घट्ट झाकणाच्या डब्यात हलवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. केशरी दाणे हिरवे झाले की ते ओले झाले, तापवून वाळवायचे आणि परत टाकायचे. तापवायला स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. कोकणात आणि मुंबईत पावसाचे चार महिने हे चुकवून चालत नाही. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढले तर उत्तमच. बुरशीला अंधार आणि शांतता लागते.

भाचीनं वेगळा डबा विकत आणला नाही. तांदूळ खिचडीत गेलेच होते. तोच डबा धुऊन, उन्हात वाळवून तिनं टीव्हीशेजारी ठेवलाय, आणि झाकणावर सासूबाईंसाठी चिठ्ठी चिकटवली आहे: यात तांदूळ नाहीत.